माशी ओळखल्याशिवाय औषध नको

पिकें हाताएवढीं झालीं आणि बागांत फळ धरूं लागलें, कीं "माशी पडली आहे, औषध कळवा" अशा मजकुराचीं पत्रें व निरोप आमच्या मंडळाकडे येऊं लागतात. पीक कोणतें, हें त्यांत बहुधा लिहिलेलें असतें. माशी केवढी, तिला पंख किती, पंखांवर डाग आहेत किंवा नाहींत, पाठीवर पट्टे किती, हें मात्र क्वचितच कोणी लिहितो. आणि माशी डबींत घालून पाठविणारा तर फारच विरळा. उत्तर देणारेहि पुष्कळदां याहून अधिक चौकशी न करतां औषधाचें नांव व प्रमाण कळवून मोकळे होतात. ही पद्धत मोडली पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे. माशी हातांत घेऊन, भिंगाखालीं पाहून, तिचें नांव ठरविल्यावांचून कोणीहि औषधाची शिफारस करूं नये व शेतकऱ्यानेंहि ती मागूं नये. असें म्हणण्याचीं कारणें क्रमानें देतों.

पहिली अडचण आपल्या भाषेंतील "माशी" या शब्दाचीच आहे. उडणाऱ्या कोणत्याहि लहान जिवास आपण माशी म्हणतों. कपाशीवरची पांढरी माशी ही मुळीं माशीच नव्हे. ती मावा-तुडतुड्यांच्या गणांतला, रस शोषणारा, चार पंखांचा कीटक आहे. विदर्भांतील संत्र्यावर कोळशी आणणारी काळी माशी हीहि त्याच गणांतली. मोहरीवरची काळी माशी तिसरीच. ती गांधीलमाशीच्या गणांतली असून तिच्या अळ्या पानें खातात. खरी माशी ओळखण्याची खूण अगदीं सोपी आहे: तिला पंख दोनच असतात. मागच्या जोडीच्या जागीं, टांचणीसारखे, टोकास बोंड असलेले दोन लहान दांडे उरलेले असतात. उडतांना तोल राखण्याचें काम ते करतात. शास्त्रांत यांस संतोलक म्हणतात आणि या साऱ्या गणास द्विपंखी. चार पंखांच्या कीटकावर माशीचा इलाज करणें म्हणजे म्हशीच्या दुखण्यावर घोड्याचें औषध देण्यासारखें आहे.

दुसरी अडचण अशी कीं, खऱ्या माश्यांतहि एकाच नांवाखालीं दोन निराळे शत्रु वावरतात. ज्वारीवर "खोडमाशी" आहे व सोयाबीनवरहि "खोडमाशी" आहे. ज्वारीची खोडमाशी, आथेरिगोना सोकाटा, ही करड्या रंगाची व घरमाशीच्याच कुळांतली आहे. ती कोंवळ्या रोपाच्या पानाखालीं पांढरें, लांबट अंडें घालते. अळी पोंग्यांत शिरून वाढीचा कोंब कापते व पोंगा सुकतो. सोयाबीनची खोडमाशी, मेलानॅग्रोमायझा सोजी, ही चकचकीत काळी, जेमतेम दोन मिलिमीटरची, व पानें पोखरणाऱ्या माश्यांच्या कुळांतली आहे. तिची अळी पानाच्या शिरेंतून देंठांत व देंठांतून खोडांत उतरते. झाड वरून हिरवेंगार दिसतें आणि खोड उभें चिरलें म्हणजे आंत तांबूस भुयार दिसतें. पहिलीवर मुख्य इलाज वेळेवर पेरणी हा आहे, कारण उशिरा पेरलेल्या ज्वारीवरच ती तुटून पडते. दुसरीचा शोध खोड चिरल्याशिवाय लागतच नाहीं. नांव एक म्हणून एकीची शिफारस दुसरीस लावणारा शेतकरी पैसा व हंगाम दोन्ही गमावतो.

"नागअळी" हा शब्द तर याहून फसवा आहे. टोमॅटो, घेवडा, वाल यांच्या पानांवर नागमोडी पांढऱ्या रेघा काढणारी नागअळी ही लिरिओमायझा ट्रायफोली नांवाच्या पिवळ्या-काळ्या इवल्याशा माशीची अळी आहे. ही माशी मूळची अमेरिकेंतली, आपल्या देशांत १९९० च्या सुमारास आली. लिंबू-संत्र्याच्या कोंवळ्या पालवीवर तशाच रेघा काढणारी नागअळी मात्र एका चंदेरी पतंगाची आहे. रेघा सारख्या, कर्ता निराळा. टोमॅटोवरील माशीच्या अळ्यांना मारणाऱ्या बारीक गांधीलमाश्या शेतांत आपोआप असतात. औषधांच्या वारंवार फवाऱ्यानें त्या आधीं मरतात आणि नागअळी उलट वाढते. संत्र्याच्या बागेंत चाललेला फवारा टोमॅटोच्या वाफ्यांत चालेल, हें गृहीत धरणें महागांत पडतें, तें यामुळें.

आतां कोणी म्हणेल, कीं हें सारें शास्त्रज्ञांचें काम. शेतकऱ्यास माशीच्या पंखावरच्या शिरा कशा दिसाव्यात? या आक्षेपांत आम्हांस फारसें तथ्य दिसत नाहीं. बैलबाजारांत जाणारा शेतकरी काय करतो? तो आधीं जबडा उघडून दांत मोजतो. जनावर दोन दांती कीं चार दांती, हें ठरलें म्हणजे शिंगांची ठेवण पाहतो. मग वशिंड, खूर, शेपटीचा गोंडा, अंगावरचा भोंवरा. प्रत्येक पायरीस तो एकच प्रश्न विचारतो व उत्तर मिळाल्यावर पुढच्या प्रश्नाकडे वळतो. कीटकशास्त्रज्ञ माशी ओळखतो तो याच रीतीनें. या प्रश्नमालेस कुंजी म्हणतात. तींत प्रत्येक पायरीस दोन परस्परविरुद्ध वर्णनें दिलेलीं असतात. हातांतील जीव ज्या वर्णनास जुळेल त्यापुढें लिहिलेल्या आंकड्याकडे जावयाचें, असें करीत शेवटीं नांव मिळतें. वनस्पति ओळखण्यासाठीं ही रीत फ्रेंच पंडित लामार्क यांनीं १७७८ सालच्या आपल्या ग्रंथांत पद्धतशीर वापरली, तेव्हांपासून ती सर्वत्र रूढ झाली. तींत गूढ कांहींच नाहीं. तिला दोन गोष्टी लागतात: चांगलें भिंग आणि घाई न करण्याची संवय.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या फळबागा व वेलांचे मांडव आहेत. सबब फळमाशीचेंच उदाहरण घेऊं. प्रथम हातांतली माशी फळमाशीच्या कुळांतली आहे कीं नाहीं, हें ठरविलें पाहिजे. फळावर बसलेली प्रत्येक माशी फळमाशी नसते. पिकलेल्या, आंबलेल्या फळावर घोंगावणारीं लाल डोळ्यांचीं चिलटें हीं ड्रोसोफिला कुळांतलीं. त्यांच्या शृंगिकेवरचा केस भिंगाखालीं पिसासारखा, दुतर्फा फांट्यांचा दिसतो. आपल्याकडे नेहमीं दिसणारीं हीं चिलटें फळ फुटल्या-कुजल्यावर येतात, तें नासण्याचें मूळ नसतात. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची, हवेंत एका जागीं तरंगणारी माशीहि पुष्कळांस फळमाशी वाटते; ती सिर्फिड माशी होय. तिच्या पंखाच्या मध्यावर, दोन खऱ्या शिरांच्या मधोमध, कोणत्याहि शिरेस नीट न मिळणारी एक खोटी शीर असते. ही दिसली कीं संशय उरत नाहीं. उलट, खऱ्या फळमाशीच्या पंखाच्या पुढल्या कडेशीं समांतर जाणारी जी बारीक शीर असते, ती टोकाजवळ एकदम काटकोनांत कडेकडे वळते व वळल्यावर अस्पष्ट होते. आपल्या बागांतील बहुतेक फळमाश्या घरमाशीएवढ्या किंवा किंचित मोठ्या, तांबूस किंवा काळसर असून त्यांच्या पाठीच्या टोकाशीं पिवळें ढालीसारखें पेर असतें.

एवढें ठरल्यावर पुढील कुंजी वापरावी. आपल्या प्रांतांतील नेहमींच्या सात जातींपुरतीच ती आहे, हें ध्यानांत ठेवावें.

१. (अ) पंखांवर तपकिरी-पिवळे आडवे पट्टे. छातीची पाठ पिवळसर, तीवर काळे ठिपके: बोरावरील फळमाशी, कार्पोमाया व्हेसुव्हियाना.
(आ) पंख बहुतांशीं स्वच्छ. रंग मुख्यतः पुढल्या कडेस: २ पाहावें.

२. (अ) छातीच्या पाठीवर पिवळे उभे पट्टे मुळींच नाहींत: काकडीवर्गांतील वेलांवरची डेकस सिलिएटस.
(आ) पिवळे उभे पट्टे आहेत: ३ पाहावें.

३. (अ) पट्टे तीन. दोन कडांना व एक मधोमध: ४ पाहावें.
(आ) पट्टे दोनच, कडांना. मधला नाहीं: ५ पाहावें.

४. (अ) पंखाच्या मागल्या भागांतील आडव्या शिरेवर धुरकट छटा, व पंखाच्या टोकाशीं रुंद डाग: कारलीं-काकडीवरील फळमाशी, झ्यूगोडेकस कुकुर्बिटी.
(आ) आडवी शीर स्वच्छ: झ्यूगोडेकस टाउ किंवा तिचें कोणी भावंड, तज्ज्ञास दाखवावी.

५. (अ) पंखाच्या पुढल्या कडेचा तपकिरी पट्टा अरुंद पण टोकापर्यंत अखंड. पोटावर इंग्रजी "टी" अक्षरासारखी काळी खूण: आंब्यावरील फळमाशी, बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस.
(आ) कडेचा पट्टा मध्येंच तुटलेला. टोकाशीं सुटा डाग: ६ पाहावें.

६. (अ) तोंडावर दोन सुटे, वाटोळे काळे ठिपके. अंग तांबूस: बॅक्ट्रोसेरा झोनाटा.
(आ) तोंडावरचे ठिपके आडवे, लांबट, एकमेकांस जवळजवळ भिडलेले. छाती काळी: बॅक्ट्रोसेरा करेक्टा.

यांतील प्रत्येक खूण दहापट मोठें दाखविणाऱ्या भिंगानें, दिवसाच्या उजेडांत, दिसते. मात्र तीन गोष्टींची खबरदारी घ्यावी. कोशांतून नुकतीच निघालेली माशी फिकी असते. तिचे पट्टे व ठिपके पक्के होण्यास कांहीं दिवस लागतात. यास्तव बरणींत निपजविलेल्या माशीस साखरेचें पाणी देऊन तीन-चार दिवस जगवावें आणि मगच पाहावें. दुसरें असें कीं, अळीवरून जात ठरविण्याच्या नादीं लागूं नये. आपल्या साधनांनीं तें साधत नाहीं. किडकें फळ ओलसर वाळूच्या थरावर बरणींत ठेवून तोंडास फडकें बांधावें. अळ्या वाळूंत उतरून कोश करतील व पुढें माश्या निघतील. तिसरें, कोणत्याहि खुणेवर एकटीवर विसंबूं नये. डॉर्सालिसची छाती बहुधा काळी असते, पण तांबूसहि आढळते. दक्षिणेंत तिच्यासारखीच दिसणारी कॅरीई नांवाची जात आहे, तिच्या मांड्यांवर काळे डाग असतात. जेथें दोन खुणा भांडतात तेथें नांव न लिहितां माशी राखून ठेवणें हेंच शहाणपण होय.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें विचारणारांनीं सापळ्याचा विचार करावा. फळमाशीच्या सापळ्यांत जें आमिष घालतात तें दोन प्रकारचें आहे. मिथाइल युजेनॉलकडे डॉर्सालिस, झोनाटा व करेक्टा यांचे नर धांवतात. क्यू-ल्यूरकडे कुकुर्बिटी व टाउ यांचे. बिहारांतील पुसा येथें काम करणारे कीटकशास्त्रज्ञ हॉवलेट यांनीं १९१२ सालीं सिट्रोनेला तेलाकडे फळमाश्या ओढल्या जातात हें प्रसिद्ध केलें व १९१५ सालीं मिथाइल युजेनॉलचा गुण दाखविला. म्हणजे ही विद्या आपल्याच देशांत उदयास आली. दापोलीच्या कृषि विद्यापीठाचा "रक्षक" सापळा कोंकणांतील आंबेवाल्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. परंतु हाच मिथाइल युजेनॉलचा सापळा कोणीं कारल्याच्या मांडवांत टांगला तर कुकुर्बिटीचा नर त्याकडे ढुंकूनहि पाहणार नाहीं. शेजारच्या पेरूच्या झाडांवरचे झोनाटाचे नर त्यांत भरतील, सापळा भरला म्हणून मालक खूष होईल, आणि कारलीं मात्र किडतच राहतील. डेकस सिलिएटस व बोरावरील फळमाशी यांना तर हीं दोन्ही आमिषें लागू पडत नाहींत. अशा ठिकाणीं रिकामा सापळा पाहून "माशी नाहीं" असा निष्कर्ष काढणें म्हणजे चोर खिडकींतून येत असतां दारास कुलूप आहे म्हणून निश्चिंत झोंपणें होय. तेथें पडकीं फळें रोज वेंचून खोल पुरणें, झाडाखालची माती उकरून कोश उन्हाला उघडे पाडणें, हाच भरंवशाचा मार्ग.

सापळ्यांत आलेल्या माश्यांवरून जात ठरवितांना एक मर्यादा ध्यानांत ठेवावी. हीं आमिषें नरांचीं आहेत. फळास डंख मारून आंत अंडीं घालते ती मादी सापळ्यांत येत नाहीं. म्हणून सापळ्यांतील माशी व फळांतून निपजलेली माशी या दोन्ही पाहून मेळ घालावा. फळ नासविणारी कोण, याचा पुरावा फळांतून निघालेली माशीच देते. सापळा फक्त परिसरांत कोण कोण आहे, एवढेंच सांगतो. ज्वारीच्या बाबतींतहि असेंच. मासळीच्या भुकटीच्या सापळ्यांत आथेरिगोनाच्या कितीतरी जाती येतात आणि त्यांत माद्यांचाच भरणा अधिक. सोकाटा ही जात खात्रीनें ओळखावयाची तर नराच्या पोटाच्या टोकाचे अवयव पाहावे लागतात, व तें काम प्रयोगशाळेंतच होतें. तेथें शेतकऱ्याचा भरंवशाचा साक्षीदार म्हणजे सुकल्या पोंग्यांतून निपजविलेली माशी.

न ओळखतां मारलेल्या औषधाची दुसरी किंमत मित्रांच्या जिवानें चुकवावी लागते. वर सांगितलेली सिर्फिड माशी फुलांवर हिंडते, पण तिची अळी मावा खाऊन वाढते. हरभऱ्याच्या शेतांत घरमाशीसारखी, पण अंगावर ताठ, राठ केसांची माशी फिरतांना दिसते. टॅकिनिड कुळांतल्या अशा माश्यांच्या अळ्या घाटेअळीसारख्या अळ्यांच्या अंगांत वाढून त्यांचा नाश करतात. "माशी दिसली, मारा" हा बाणा ठेवणारा शेतकरी आपल्या राखणदारालाच काठीनें झोडपतो. मावा मग दुपटीनें वाढतो, पुन्हां फवारा होतो, आणि दुकानदाराच्या वहींत उधारीची एक ओळ वाढते. फुकटांत राबणारा गडी घालविण्यासाठीं पदरचा पैसा खर्चणें हा कोणता व्यवहार?

माशीच्या नांवावर परदेशचा बाजार कसा अवलंबून असतो, हें कोंकणांतील आंबा-उत्पादकांनीं २०१४ सालीं अनुभवलें. २०१३ सालीं भारतांतून युरोपांत गेलेल्या फळें-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाश्यांसारख्या किडी सांपडल्या, म्हणून १ मे २०१४ पासून युरोपीय संघानें आंबा, वांगें, कारलें, पडवळ व अळू यांची भारतांतून होणारी आयात बंद केली. आंब्यावरील बंदी २०१५ सालच्या आरंभीं उठविण्यांत आली, पण एक हंगाम हातचा गेला. बंदरावरचा निरीक्षक आंबा कापतो, अळी काढतो व कुळाचें नांव लिहितो. त्या एका ओळीवर साऱ्या खेपेचें भवितव्य ठरतें. ज्या बागाइतदारानें वर्षभर आपल्या बागेंतील माश्यांची नांवनिशीवार नोंद ठेवली आहे, त्याच्यापाशीं दाखविण्यास कांहीं तरी असतें. बाकीच्यांपाशीं नुसतें आश्वासन असतें.

आफ्रिकेंतील एक हकीकत याहूनहि बोधप्रद आहे. २००३ सालीं केनियांत एक नवी फळमाशी आढळली. ती कोठली, याबद्दल तर्क चालले. २००५ सालीं तिला बॅक्ट्रोसेरा इन्व्हेडेन्स असें स्वतंत्र नांव देण्यांत आलें. आंबा पिकविणाऱ्या अनेक आफ्रिकी देशांच्या निर्यातीस या नांवानें अडसर घातला. पुढें शरीररचना, गंध, जननद्रव्य व परस्परसंकर या सर्वांची पडताळणी होऊन २०१५ सालीं विद्वानांनीं ठरविलें कीं, ही निराळी जात नसून आपल्याकडील डॉर्सालिसच होय. म्हणजे जगांतले मोठे पंडितहि अशा सारख्या दिसणाऱ्या माश्यांपुढें दहा वर्षें अडले. यावरून "मग आम्ही पाहून काय उपयोग?" असा निराशेचा धडा घेणें चूक आहे. धडा हा कीं, एका ठिपक्याच्या निरीक्षणानें बाजार उघडतात व बंद होतात. निरीक्षण जितकें काळजीपूर्वक, तितकें नुकसान कमी. आणि आपली कुंजी डॉर्सालिस व कुकुर्बिटी यांत भेद करूं शकते, हें आपल्या आमिषापुरतें पुरें आहे.

अलीकडे मोबाइलवर माशीचें छायाचित्र काढून पाठवावें व उत्तर मागवावें, अशी रीत पडली आहे. तिचा उपयोग आम्ही नाकारीत नाहीं. परंतु चित्र वरून काढलेलें असतें. झोनाटा व करेक्टा यांतला भेद तोंडावर आहे; कुकुर्बिटीची खूण पंखांतल्या एका आडव्या शिरेवर आहे, आणि बसलेली माशी पंख दुमडून असली तर ती शीर झांकली जाते. ज्या चित्रांत खूणच नाहीं त्यावरून मनुष्य काय किंवा यंत्र काय, अंदाजच करणार. चित्र काढावयाचेंच तर मेलेल्या माशीचीं तीन काढावीं: वरून, समोरून तोंडाचें, व एक पंख पसरून पांढऱ्या कागदावर. आणि माशी फेंकूं नये. चित्रावर शंका आली तर तीच कामीं येते.

दोष एकट्या शेतकऱ्याचा नाहीं. मॅक्सवेल-लेफ्रॉय यांचा हिंदुस्थानांतील कीटकांवरचा मोठा ग्रंथ १९०९ सालीं निघाला. मारिओ बेझी यांनीं कलकत्त्याच्या संग्रहालयांतील फळमाश्यांचें वर्णन १९१३ सालीं छापलें. ब्रुनेट्टी यांनीं द्विपंखी कीटकांचे तीन जाडे खंड १९१२, १९२० व १९२३ सालीं लिहिले. शतकाहून अधिक काळ ही विद्या वाढत आली आहे, पण ती इंग्रजींत व ग्रंथालयांत वाढली; शेतकऱ्याच्या ओसरीवर तिचें क्वचितच पाऊल पडलें. औषधांच्या जाहिराती मात्र शुद्ध मराठींत, रंगीत चित्रांसह, खेडोपाडीं पोंचल्या. औषधाचें ज्ञान आपल्या भाषेंत आणि किडीचें ज्ञान परक्या भाषेंत, अशी स्थिति असतांना शेतकरी आधीं औषध विचारतो, यांत नवल तें काय?

यासाठीं आमच्या सूचना अशा आहेत.

पहिली: मंडळाच्या प्रत्येक शाखेनें एक दहापट भिंग, चिमटा, कांहीं रुंद तोंडाच्या बरण्या व शंभरभर लहान कुप्या ठेवाव्यात. हा खर्च सभासदांच्या एका फवाऱ्याच्या खर्चापुढें नगण्य आहे.

दुसरी: प्रत्येक शाखेंत आपल्या भागांतील माश्यांची एक पेटी असावी. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यांत रात्रभर ठेवून मारलेली माशी टांचणीवर लावून वाळवावी किंवा सत्तर टक्के अल्कोहोलमध्यें कुपींत ठेवावी. प्रत्येकीखालीं गांव, तारीख, पीक, व ती सापळ्यांत मिळाली कीं फळांतून निघाली, हें लिहावें. ज्या कुपींत चिठ्ठी नाहीं ती कुपी फुकट.

तिसरी: या माश्यांचीं नांवें शाखेनें स्वतः कायम करूं नयेत. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषि विद्यापीठें, पुण्यांतील भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षणाचें पश्चिम विभागीय केंद्र, किंवा बंगळूर येथील राष्ट्रीय कृषि कीटक संपदा संस्था यांपैकीं एकाकडून तीं पडताळून घ्यावींत. एकदां पडताळलेली पेटी म्हणजे गांवची कायमची मोजपट्टी.

चौथी: मराठी नांवांचा घोळ संपविण्यासाठीं आम्ही या मासिकापुरता नियम करतों. यापुढें येथें नुसतें "खोडमाशी" किंवा "नागअळी" छापलें जाणार नाहीं; "ज्वारीची खोडमाशी", "सोयाबीनची खोडमाशी", "टोमॅटोची नागमाशी", "संत्र्याचा नागपतंग" असें पिकासह छापलें जाईल, व प्रथम उल्लेखीं शास्त्रीय नांवहि दिलें जाईल. तुरीची शेंगमाशी व भाताची गादमाशी यांचीं नांवें आधींच नेमकीं आहेत. आपल्या पूर्वजांनीं जेथें नीट पाहिलें तेथें नांवहि नीट ठेवलें.

पांचवी: औषध विचारणाऱ्या पत्रासोबत माशी नसेल तर आम्ही औषध कळविणार नाहीं; बरणी कशी लावावी एवढेंच कळवूं. हें कांहीं सभासदांस कठोर वाटेल. पण माशी निपजण्यास लागणारे पंधरा-वीस दिवस हे वाया जात नाहींत. त्या अवधींत पडकीं फळें वेंचणें, किडके पोंगे उपटणें व तण काढणें हीं कामें नांव न कळतांहि करतां येतात, आणि तीं केल्यानें निम्मा इलाज होऊन जातो.

आपल्या शेतांत पिढ्यान् पिढ्या वावरणाऱ्या शत्रूचें तोंड आपण एकदांहि नीट पाहूं नये, हें जाणत्या शेतकऱ्यास शोभत नाहीं. येत्या हंगामांत प्रत्येक वाचकानें निदान एक किडकें फळ बरणींत ठेवावें, निघालेली माशी भिंगाखालीं धरावी, व वरील कुंजीच्या सहा पायऱ्या चढून पाहाव्यात. जीं नांवें निघतील तीं, माशीसह, आम्हांकडे पाठवावींत. जिल्हावार यादी करून ती आम्ही या पानांवर छापूं, आणि पुढील वर्षाच्या सापळ्यांचीं आमिषें मंडळ त्या यादीवरूनच मागवील.